बाहुलीचं जेवण

बाहुलीला तोंड असं उरलंच नव्हतं. लाल दोऱ्याचे चार टाके होते, ते दर शनिवारच्या धुण्यात एकेक करून निघून गेले होते. तरी हेत्वीनं तिचा जबडा बरोबर शोधला. डाव्या हाताचा अंगठा एका गालावर, दोन बोटं दुसऱ्या गालावर, आणि मधला तो चिंध्यांचा चेहरा तिनं असा दाबला की कापडाला खरोखरच चीर पडल्यासारखी झाली. उजव्या हातातला लाकडी चमचा त्या चिरेत खुपसून ती म्हणाली, "गिल." मग आवाज जाडा करून, दातावर दात ठेवून, "गिल मेले. गिल लवकल."

हर्षिदा तिच्यापासून तीन हातांवर बसली होती. मांडीवर एका पोराचा शर्ट होता, त्याची वरची दोन बटणं त्यानं स्वतः लावली होती आणि तिसऱ्याशी त्याची झटापट चालू होती. तिनं हात मांडीखाली दाबून ठेवले होते, कारण मूल बटणाशी झगडत असताना मोठ्या माणसाचे हात आपोआप पुढे जातात, ते अडवायला हवेत, असं ती शिकवायची. समोर भिंतीलगत चटईवर पाच नव्या मुली वह्या घेऊन बसल्या होत्या. शहरातल्या वेगवेगळ्या घोडियाघरांत, म्हणजे पाळणाघरांत, त्या पुढच्या महिन्यापासून बेन म्हणून लागणार होत्या आणि रखियालच्या ह्या घोडियाघरात हर्षिदाबेनचं काम बघायला त्यांना आणलं होतं. नाव घोडियाघर, पण पाळणे दोनच. बाकीची सतरा पोरं आपल्या पायांनी चालत होती, आपापला हुक ओळखत होती, पोपटाच्या चित्राखाली पोपटवाल्याचा रुमाल, गाजराच्या चित्राखाली गाजरवालीचा. कोणी टबात गाळणी बुडवून पाणी पडताना बघत होतं, कोणी एका वाटीतले मूग दुसऱ्या वाटीत ओतत होतं. पाचही जणींच्या वह्या भरत चालल्या होत्या. आणि मग त्या सगळ्यांची पेनं एकदम थांबली, कारण हेत्वीचा आवाज खोलीभर गेला होता.

संस्थेच्या मोठ्या बेन अल्पनाबेन खुर्चीवर पुढे झुकल्या. "पाहिलंत?" त्या अगदी हळू म्हणाल्या, देवळात बोलावं तसं. "मूल सांगत नाही, करून दाखवतं. आपण त्याला खेळ म्हणतो. ही पोर घरी काय सोसते ते तिनं आपल्याला आत्ता दाखवलं." मुलींनी माना हलवल्या. त्यांतली जाड चष्म्याची एक होती, तिनं वहीतून डोकं वर केलं आणि अगदी सरळपणे विचारलं, "पण घरीच कशावरून, बेन?"

"मग कुठे? इथे?" अल्पनाबेन हसल्या. "हर्षिदाबेनच्या वर्गात?"

सगळ्या हसल्या. चष्मेवालीही जरा ओशाळून हसली. हर्षिदाही हसली.

ते हसू तोंडावरून उतरायला फार वेळ लागला. गालांचे स्नायू वर गेले ते तिथेच राहिले, जसे फोटोवाल्यानं 'अजून एक' म्हटल्यावर राहतात, आणि त्या हसण्याच्या आत, कानांच्या मागून मानेपर्यंत, गरम पाण्याची धार ओतल्यासारखं होत गेलं. पोरानं तिसरं बटण लावलं होतं, चुकीच्या काजात, आणि तिच्याकडे बघत होता. "वा," ती म्हणाली. आपला आवाज तिला नेहमीसारखाच ऐकू आला ह्याचं तिला नवल वाटलं. अल्पनाबेन म्हणाल्या, "हर्षिदाबेन, आईशी आजच बोलावं लागेल," आणि ती म्हणाली, "हो, बोलूया." एवढंच. पुढे कित्येक दिवस ती त्या क्षणाकडे परत परत गेली, जिभेनं दुखऱ्या दाताकडे जावं तशी. चष्मेवालीच्या प्रश्नानंतर, हसण्याच्या आधी, एक जागा होती. एका श्वासाएवढी. तिथे एक वाक्य बसलं असतं.

संध्याकाळी साडेपाचला सेजल आली. हेत्वीची आई, तेवीस वर्षांची, मागच्या गल्लीतल्या कारखान्यात लहान मुलींचे फ्रॉक शिवायची. केसांत, ओढणीवर, कानातल्या रिंगेतसुद्धा रंगीत दोऱ्यांचे तुकडे अडकलेले असायचे आणि हेत्वी ते वेचून आपल्या हुकाखाली गोळा करून ठेवायची. अल्पनाबेन मुद्दाम थांबल्या होत्या. त्यांनी सेजलला खुर्ची दिली. घोडियाघरात आईला खुर्ची दिली की काहीतरी वाईट असतं हे सगळ्या आयांना ठाऊक होतं. सेजल टोकावर टेकली.

"आम्ही दोष देत नाही आहोत," अल्पनाबेननी सुरुवात केली आणि सगळं सांगितलं. जबडा, चमचा, ते शब्द.

"मी?" सेजलनं आधी मागे वळून पाहिलं, दुसरी कोणी आई उभी असावी तसं. "नाही हो बेन. मी कशाला दाबीन? मी तर वाटी घेऊन तिच्या मागे मागे फिरते, सगळी चाळ हसते मला. म्हणतात, सेजल, लेकीचं जेवण आहे की वरात?"

"कधी वैताग येत असेल."

"येतो. वैताग कोणाला येत नाही? पण असं…" ती हर्षिदाकडे वळली. "हर्षिदाबेन, तुम्ही सांगा ना. तुम्ही मला ओळखता. ती सहा महिन्यांची होती तेव्हापासून तुमच्याकडे आहे."

हर्षिदा भिंतीला टेकून उभी होती. भिंतीचा गारवा ब्लाउजमधून पाठीला लागत होता. माघ महिना होता, उत्तरायण होऊन तीन आठवडे झाले तरी समोरच्या लिंबाच्या झाडात फाटलेले पतंग फडफडत होते. ती म्हणाली, "कधी कधी दमल्यावर आपल्याला कळतही नाही, सेजल, आपला हात काय करतो ते."

त्या दिवशी ती जे जे बोलली त्यात हे एकच वाक्य खरं होतं, आणि ते तिनं भलत्याच माणसाला दिलं.

सेजलनं आपले हात उलटे करून पाहिले, मग सुलटे. सुईनं टोचून टोचून उजव्या तर्जनीचं टोक खरबरीत झालेलं होतं. बराच वेळ ती त्या हातांत काहीतरी शोधत होती आणि मग तिला ते सापडलं, कारण असं शोधायला बसलं की प्रत्येकीला काहीतरी सापडतंच. "दिवाळीनंतर ताप आला होता तिला," ती हळूच म्हणाली. "औषध तोंडात घेईना. तेव्हा मी धरला होता जबडा. एकदा. का दोनदा. मला वाटलं औषधासाठी चालतं."

"तेच," अल्पनाबेन मऊपणे म्हणाल्या. "तिच्या मनात तेच राहिलं."

आणि सेजल रडायला लागली. खुर्चीवरून उतरून, कोणाला काही कळायच्या आत, तिनं हर्षिदाच्या पायांना हात लावला. "मला शिकवा बेन. मला माझ्या आईनं काही शिकवलं नाही, ती लवकर गेली. तुम्ही शिकवा." हर्षिदाला पाय मागे घेता आले असते. मागे भिंत होती, पण बाजूला जागा होती. तिनं सेजलला खांद्याला धरून उठवलं आणि तिला शिकवलं. मुलासमोर वाटी कशी ठेवायची, चमचा त्याच्या हातात कसा द्यायचा, पहिले चार घास सांडणार हे आधीच धरून चालायचं, आणि मूल मान वळवेल तेव्हा ऐकायचं. "हात तिचा, चमचा तिचा, पोट तिचं," ती म्हणाली. हे तिनं स्वतः बनवलेलं वाक्य होतं. आयांच्या सभेत ती ते सगळ्यांकडून तीनदा म्हणवून घ्यायची. सेजलनं नाक पुसत पुसत तीनदा म्हटलं.

घरी चालत जाताना हर्षिदा स्वतःशी म्हणाली, एकदाच झालं होतं. मागच्या मंगळवारी. दुसरी बेन पारुल रजेवर होती, एका पोराला जुलाब होत होते, वजनांचा तक्ता संध्याकाळपर्यंत द्यायचा होता आणि हेत्वीनं खिचडीचा घास गालात धरून ठेवला होता. चाळीस मिनिटं. ती रडत नव्हती, नको म्हणत नव्हती, पळत नव्हती; नुसती बसली होती, एक गाल फुगवून, डोळे हर्षिदावर लावून, आणि त्या शांत बघण्यात काहीतरी असं होतं की हर्षिदाच्या हातानं पुढे होऊन तो चेहरा धरला. एकदाच. सोनीच्या चाळीच्या चौकापर्यंत ते एकदाच होतं. पुढे फाटकापाशी गाडी जायची वाट बघत उभी असताना तिला आठवलं की मंगळवारी खिचडी नसते, मंगळवारी दाळ-ढोकळी असते. ढोकळीच्या मऊ तुकड्याचा गुळगुळीतपणा तिच्या बोटांना आठवला, आणि खिचडीचा रवाळपणाही आठवला, म्हणजे ते दोन वेगळे दिवस होते. आणि मग थंडीतला एक दिवस, हेत्वीच्या अंगात ते पिवळं स्वेटर होतं. स्वेटर तर डिसेंबरातच तोकडं झालं होतं. फाटक उघडलं, मागचे लोक हॉर्न वाजवायला लागले, ती तशीच उभी राहिली.

ते सवयीचं झालं होतं. मदतनीस मणिमासी भांडी घेऊन मागच्या नळावर जायची, बाकीची पोरं आपापली वाटी टबात ठेवून रुमाल शोधायला लागायची, आणि चटईवर हेत्वी आणि ती दोघीच उरायच्या. रोज नाही. पण आठवड्यातून दोनदा, तीनदा. पाच सेकंदांचं काम. अंगठा, दोन बोटं, चमचा, शब्द. मग ती हेत्वीचं तोंड स्वतः पुसायची, तिला उचलून घ्यायची आणि इतर कोणाहीपेक्षा जास्त लाड करायची, आणि ते लाड तिला इतके खरे वाटायचे की आधीचे पाच सेकंद त्यांत विरघळून जायचे. वजनाच्या तक्त्यात हेत्वी वर चढत होती. अल्पनाबेननी तो तक्ता दुसऱ्या केंद्रांना दाखवला होता.

तो शब्द कुठून आला, हे तिला माहीत होतं. तिचे वडील गोमतीपूरच्या गिरणीत मागावरचे साचेवाले होते आणि ती बारा वर्षांची असताना गिरणी बंद पडली. ते घरी बसले. सकाळी दाढी करून, शर्ट घालून, भोंग्याच्या वेळेला खाटेवर बसायचे, आणि भोंगा व्हायचा नाही. दुपारी आई त्यांच्यासमोर ताट ठेवायची, ठेवायची म्हणजे आपटायची नाही, अगदी आवाज न करता ठेवायची, आणि म्हणायची, "गिळा." वडील जेवायचे. घास तोंडात तसाच धरून खिडकीबाहेर बघत बसायचे आणि मग एकदम गिळायचे, गळ्याची घाटी वर जाऊन खाली यायची. हर्षिदा समोर पाटी घेऊन बसलेली असायची आणि वडिलांकडे बघू नये म्हणून तेच तेच गणित पुसून पुन्हा लिहायची. त्या शब्दाची तिला इतकी लाज वाटायची की लग्नानंतर तिनं तो घरात कधी वापरला नाही, नवऱ्याला नाही, मुलाला नाही. आता तो शब्द दोन वर्षांच्या एका पोरीला पाठ होता. हे तिनं एक कारण म्हणून स्वतःला सांगून पाहिलं. कारण म्हणून ते बरं वाटलं, आणि बरं वाटल्याबरोबर तिला किळस आली. बापाची घाटी ती स्वतःच्या सोयीसाठी वापरत होती.

पुढचे दिवस ती चांगली वागली. वाईट हेच की तिला ते सहज जमलं. हेत्वीच्या जवळ जेवायला ती बसेनाशी झाली, पारुलला बसवायची. पाण्याच्या टबाशी, मुगाच्या वाट्यांशी, चपलांच्या रांगेशी तिचा आवाज पूर्वीसारखाच गोड राहिला. रोज संध्याकाळी सेजल यायची, तेव्हा ती ठरवायची की आज सांगायचं, सेजल "बेन, आज किती खाल्लं?" विचारायची आणि ती "छान खाल्लं" म्हणायची. दहाव्या दिवशी अल्पनाबेननी त्या पाच मुलींपैकी दोघींना घरभेटीसाठी सेजलच्या चाळीत पाठवलं. सेजल कामावर होती. घरी तिची सासू होती, जमनाबा, धोळक्याजवळच्या गावाहून गुडघा दाखवायला आलेली. मुलींनी शिकवल्याप्रमाणे अगदी मऊ शब्दांत, दोष न देता, बाळाशी जेवताना कसं वागावं हे जमनाबांना समजावून सांगितलं. जमनाबांनी त्यांना चहा पाजला आणि सगळं नीट ऐकून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सेजल सकाळीच आली, पण हेत्वीची चप्पल न काढता दारातच उभी राहिली. "उद्यापासून हेत्वी येणार नाही, बेन. तिच्या हुकावरचे कपडे द्या."

"का?"

"बा घेऊन जातायत तिला गावी. तिथेच राहील आता." ती हे अगदी सपाट आवाजात बोलत होती. "हितेशनंही हो म्हटलं. तो म्हणतो, दिवसभर मी रिक्षावर, तू मशीनवर, आणि घरी आल्यावर तू पोरीचा जबडा धरतेस, मग बा बरी. बरोबरच आहे ना. माझ्या हातांचा मलाच भरवसा नाही राहिला. तुम्ही बोललात त्या दिवसापासून मी तिला भरवलेलंच नाही. शेजारच्या काकी भरवतात. मी समोर बसते, हात असे मागे घेऊन." तिनं हात मागे घेऊन दाखवले.

आत कोणीतरी मूग सांडले. हर्षिदाला ते फरशीवरून घरंगळताना ऐकू आले, एकेक दाणा. तिच्या मनात त्या वेळी एक फार हलका विचार आला, तोही तिनं पुढे स्वतःपासून लपवला नाही. पोरगी गावी गेली की संपलं. कोणी बाहुली दाबणार नाही. आजी आहे, म्हातारी पोरीला जपेल. तो विचार तिनं पुरता ऐकून घेतला. मग ती म्हणाली, "सेजल, तो हात माझा होता."

"कुठला हात?"

"ज्यानं ती बाहुलीचं तोंड दाबत होती, तो. ते तुझं नव्हतं. मी करत होते. इथे, जेवताना. तो शब्दही माझा."

सेजलला कळलं नाही. तिनं हर्षिदाच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग तिच्या हातांकडे पाहिलं, आणि कळत गेलं तशी ती हेत्वीला कडेवर वर वर सरकवत गेली, जणू खाली पाणी चढत होतं. हेत्वी आईच्या कानातल्या रिंगेतला निळा दोरा ओढत होती.

"त्या दिवशी मी तुमच्या पाया पडले," सेजल म्हणाली.

"हो."

"तुम्ही पडू दिलंत."

"हो."

"मला म्हणायला लावलंत. हात तिचा, चमचा तिचा. तीनदा."

हर्षिदानं मान हलवली. माफ कर हा शब्द तिच्या जवळ तयार होता, पण तो बोलला तर सेजलला त्याचं काहीतरी करावं लागलं असतं, घ्यावा लागला असता किंवा फेकावा लागला असता, आणि आणखी एक काम त्या पोरीवर टाकायचा आपल्याला काय हक्क, असं तिला वाटलं. कदाचित तीही एक पळवाटच असेल.

"चला," सेजल म्हणाली आणि तिनं हर्षिदाचं मनगट धरलं. "मला सांगून काय उपयोग? तिथे चला. तिथे बोला."

पारुलला हाक मारायला तिला वेळ मिळाला, चप्पल घालायला मिळाला नाही. कारखान्यांच्या मागची ती गल्ली, तेलाचे डबे, कापडाच्या कातरणांचे ढीग, उन्हात तापायला लागलेली फरसबंदी. भाजीवाल्या बाया बघत होत्या. "काय झालं ग सेजल? बेनला कुठे पकडून नेतेस?" कोणीतरी ओरडलं. सेजलनं उत्तर दिलं नाही. शेहेचाळीस वर्षांच्या बाईला एक तेवीस वर्षांची मुलगी मनगट धरून नेत होती, आणि हर्षिदाला वाटत होतं की हे मनगट हिनं सोडू नये. सोडलं तर आपण उलट्या दिशेला चालायला लागू.

जमनाबा ओट्यावर मेथी निवडत बसल्या होत्या. बाजूला हेत्वीच्या कपड्यांची पिशवी बांधून ठेवलेली होती. हर्षिदानं उभ्यानंच सांगितलं. शेजारणी दारांत आल्या होत्या, त्यांनी ऐकावं इतपत मोठ्यानं सांगितलं, आणि सांगताना कुठलंही कारण दिलं नाही.

जमनाबांची बोटं मेथीच्या देठावर थांबली. "म्हणजे वहूनं नाही केलं?"

"नाही."

"मग तिनं कबूल कसं केलं? काल मला म्हणाली, बा, माझीच चूक आहे."

"तिला ते पटेपर्यंत मी गप्प राहिले."

म्हातारीनं तिला खालून वरपर्यंत पाहिलं, मग तिच्या धुळीनं भरलेल्या उघड्या पायांकडे पाहिलं. "आम्ही अडाणी," त्या म्हणाल्या. "सहा पोरं वाढवली, हाताला येईल त्यानं बडवली. पण आमचं बडवणं आम्ही दुसरीच्या नावावर नाही चढवलं. तुम्ही शिकलेल्या बायका. त्या दोन पोरी काल इथे बसून मला शिकवून गेल्या, पोराच्या तोंडाला हात लावू नये. चहा प्यायल्या माझा." शेजारणींपैकी कोणीतरी हसलं. जमनाबांनी तिकडे पाहिल्यावर हसू थांबलं. मग त्या सुनेकडे न बघताच म्हणाल्या, "वहू, पिशवी सोड. कपडे चुरगळतील."

सेजलनं पिशवीला हात लावला नाही. ती ओट्याच्या पायरीवर बसली, हेत्वीला मांडीवर घेतलं, आणि पोरीच्या फ्रॉकच्या पाठीचा हुक लावत राहिली, काढत राहिली. हर्षिदा तिथे किती वेळ उभी होती कोण जाणे. तिला कोणी बस म्हटलं नाही आणि जा म्हटलं नाही.

अल्पनाबेनना तिनं त्याच दुपारी सांगितलं. त्यांना राग आधी आला नाही, आधी त्या घाबरल्या. दार लावून घेऊन म्हणाल्या, "मला आधी सांगायचंत, हर्षिदाबेन. आपण आतल्या आत मिटवलं असतं." मग स्वतःचंच वाक्य ऐकून त्या खाली बसल्या. आयांची सभा झाली. सोळा जणी आल्या होत्या, त्यांतल्या दोघींनी मुलं काढून नेली, एक जण म्हणाली, "आम्ही घरी मारतो तेव्हा ह्या आम्हाला कसं बोलायच्या आठवतं ना?" हर्षिदाचं दुसऱ्या केंद्रांत शिकवायला जाणं बंद झालं. तिला काढून टाकायचं का ह्यावर संस्थेत दोन बैठका झाल्या आणि पुढे काही झालं नाही, कारण दोन वर्षांची पोरं सांभाळायला बाया मिळत नव्हत्या. काढून टाकलं असतं तर सुटली असती, असं तिला वाटायचं. वाटल्याचीही लाज वाटायची.

मणिमासीशी ती एकदाच बोलली, नळावर, भांडी विसळताना. "तुला माहीत होतं का ग?"

मणिमासीनं वाटी राखेनं घासत घासत सांगितलं, "होतं. नळ बंद केला की आतलं ऐकू येतं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बेन," मणिमासी म्हणाली. "मी मासी."

होळीच्या आधी सेजल हेत्वीला घेऊन परत आली. दुसरं घोडियाघर बापूनगरला, तिथे पोचवून वेळेवर मशीनवर बसणं जमत नव्हतं. ती हर्षिदाशी नाही, पारुलशी बोलली, पण हर्षिदाला ऐकू जाईल अशी. "माझी एकच अट आहे. जेवायच्या वेळेला ह्या बेन खोलीत नकोत." तेव्हापासून रोज साडेअकराला ताटल्या मांडायला लागल्या की हर्षिदा उठून बाहेर पायरीवर जाऊन बसते. हे तिला कोणी सांगावं लागत नाही. आतून वाट्यांचे आवाज येतात, पाणी सांडल्याचा, पारुलच्या हसण्याचा. कोणी आई येता-जाता तिला तिथे बसलेली बघते. पहिले काही दिवस ती हातात काहीतरी काम घेऊन बसायची, फाटका रुमाल, खडूंचा डबा. मग तिनं ते सोडून दिलं. अर्धा तास ती नुसती बसते.

चैत्र लागला तेव्हाची गोष्ट. जेवण आटपत आलं होतं. दारातून हेत्वी बाहेर आली, एकटीच, डाव्या पायात उजवी चप्पल, उजव्या पायात डावी, स्वतः घातलेली, आणि त्याचा आनंद तिच्या चालण्यात मावत नव्हता. "बेन, जो," ती म्हणाली. बघ. हर्षिदानं पाहिलं. पारुल आत कोणाचे तरी हात धूत होती. हेत्वी अगदी जवळ येऊन उभी राहिली, दोन्ही हातांनी हर्षिदाचा गुडघा धरून, आणि तिच्या तोंडाला ताकभाताच्या वासाची ऊब होती. तिच्या हनुवटीवर भाताचं एक शीत चिकटलेलं होतं. काही विचार न करता, कुठल्याही बाईनं कुठल्याही मुलाचं काढावं तसं, ते शीत काढायला हर्षिदानं हात उचलला.

हेत्वी थबकली. ती मागे सरली नाही, रडली नाही. तिनं गुडघा सोडून दोन्ही हात बाजूला सरळ खाली केले, हनुवटी वर उचलली, डोळे मिटले आणि तोंड उघडलं. पूर्ण उघडलं, आतले बारीक दात आणि गुलाबी पडजीभ दिसेपर्यंत, आणि तशीच उभी राहिली.

हर्षिदाचा हात हवेत होता. तिनं तो खाली घेतला, मग दुसराही घेतला, आणि दोन्ही पाठीमागे नेले. "मीट," ती म्हणाली. "तोंड मीट, बाळा. काही नाहीये. माझ्याकडे काही नाहीये."

पण त्या हातापुढे तोंड उघडं धरायची सवय त्या पोरीला इतकी नीट लागलेली होती की हात पुरते दिसेनासे झाले आहेत ह्याची एक डोळा किलकिला करून खात्री करून घेतल्यावरच तिनं हळूहळू तोंड मिटलं.